समक्ष पाहून

ब्राह्मणपुरी, १७ नोव्हेंबर १९३६

दिवाळी उरकली, नवी वही काढली. वही शहाद्याच्या दुकानातली. छापणाऱ्याने शाई इतकी कंजूषपणे वापरली आहे की ओळी आहेत की नाहीत तेच कळत नाही. परत करायला हवी होती, पण गाडी निघाली होती.

आज करारनाम्यावर सह्या झाल्या. मालक दोधू पाटील. त्यांची पत्नी दगूबाई दोन वर्षांपूर्वी वारली. जाण्यापूर्वी नवऱ्याला म्हणाली, गावात मुलींची शाळा बांधा, देऊळ नको. पाटील तेव्हापासून अस्वस्थ आहेत. ठेकेदार अब्राहाम रेवजी गावीत, नवापूरकडचा. मिशनच्या शाळेत सुतारकी आणि गवंडीकाम शिकला, आजवर दुसऱ्याच्या हाताखाली राबला. स्वतःच्या नावावरचं हे पहिलंच बांधकाम. आणि दोघांच्या मध्ये मी, लोकल बोर्डाचा पेन्शनीत निघालेला ओव्हरसियर.

करारनामा मीच लिहिला. जोतं, भिंती, छप्पर, गिलावा, प्रत्येक टप्प्यावर "ओव्हरसियरसाहेबांनी समक्ष पाहून दाखला द्यावा, दाखल्याशिवाय पुढील काम सुरू करू नये, व त्यांचा शब्द उभय पक्षांवर अखेरचा राहील." हे कलम वाचताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाटील मला बाजूला घेऊन म्हणाले, "रावसाहेब, तुम्ही आमना गावना पाव्हना. थोडं मन्हाकडे बी दखज्यात."

म्हटलं, "मी कोणाचा पाहुणा नाही. चावडीमागची खोली भाड्याने घेतली आहे."

मग अब्राहाम आला. तो मिशनमधलं पुस्तकी मराठी बोलतो. "साहेब, मी खचित सांगतो, माझ्या कामात लबाडी सापडणार नाही." त्याला म्हटलं, सापडली तर तुमच्या आधी मीच गावभर सांगेन. दोघांचीही तोंडं सारखीच उतरली, म्हणजे सुरुवात ठीक झाली.

माझा नियम जुना आहे. काम चालू असेपर्यंत दोन्ही पक्षांकडचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. मला करार आवडतो तो याचसाठी. त्यात कोणी कोणावर उपकार करत नाही. ठरलं तेवढं करायचं, ठरलं तेवढं घ्यायचं, आणि मान ताठ ठेवून घरी जायचं.

काम आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी पुरं व्हायचं आहे. आखाजीला इकडच्या सगळ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. त्यांच्या देखत आईच्या नावाची शाळा उघडावी अशी पाटलांची इच्छा. दंडाचं कलमही त्याला जोडून आहे.

चिरंजीवांचं पुण्याहून पत्र आलं. "आता दगदग पुरे, इकडे येऊन ओसरीवर निवांत बसा." ओसरीवर बसायला मी काय सुपारी कातरणारा आहे?

२ डिसेंबर

पाया खणून झाला. काळी माती खोल आहे, मुरूम लागेपर्यंत खाली जायला लावलं. अब्राहाम कुरकुरला नाही, पाटील कुरकुरले. दोघांना समज दिली.

धुळ्याला घेतलेला चष्मा फसवा निघाला. काच दुधाळ आहे. दुपारच्या उन्हात तर सगळं पांढरंफेक होतं. दुकानदाराला खरमरीत पत्र लिहायचं आहे.

११ डिसेंबर

पाटलांची सून प्रमिलाबाई आज कामावर आल्या. मराठी शाळेच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत शिकलेल्या आहेत, शाळा झाली की शिकवणार त्याच. डोईवर पदर घट्ट, पण जीभ मोकळी. मी नकाशा हातात धरून त्यांना समजावत होतो की वर्गाची दारं दक्षिणेला येतील आणि व्हरांडा मागे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "रावसाहेब, कागदावर माती पडली आहे," आणि नकाशा माझ्या हातून घेऊन झटकला, फिरवून पुन्हा माझ्या हातात ठेवला. नंतर मी पाहिलं तर दारं उत्तरेलाच होती, मी आधी काहीतरी भलतंच बोललो होतो. थंडीत डोकं चालत नाही. बाई स्वच्छतेच्या बाबतीत फार काटेकोर दिसतात, शिक्षिकेला ते शोभतं.

२० डिसेंबर

जोत्याचा दाखला दिला. चिरे उत्तम बसलेत. मी प्रत्येक चिऱ्यावर काठी वाजवून पाहतो, आवाज पोकळ आला की बाहेर. दोन बाहेर काढायला लावले.

अब्राहामने एक नवी पद्धत काढली आहे. टेप धरला की तो माप मोठ्याने ओरडतो, पलीकडून त्याची बायको पारुबाई तेच पुन्हा ओरडते. मी विचारलं, हा काय तमाशा? म्हणाला, "साहेब, आमच्याकडे ही रीत आहे. सगळ्यांनी ऐकलं म्हणजे मागाहून कोणी फिरत नाही." बोर्डात इतकी वर्षं काढली, ही साधी गोष्ट कोणाला सुचली नाही. मी त्याची पाठ थोपटणार होतो, मग आठवलं की पाटील बघताहेत. पाठ थोपटली नाही.

५ जानेवारी १९३७

माझ्या हातचा स्वयंपाक बिघडत चालला आहे. काल आमटीत मीठ दोनदा पडलं, आज मुळीच पडलं नाही. भातात खडा लागून दाढ हलली. इथला तांदूळच वाईट.

दुपारी पाटलांच्या घरून कळण्याची भाकरी आणि भरीत आलं. परत पाठवलं. संध्याकाळी पारुबाई नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण घेऊन उभी. तिलाही परत पाठवलं. ती त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटली. अब्राहामला अर्थ विचारला, तो म्हणाला, "ती म्हणते, देव तुमचं भलं करो." सूर मात्र तसा वाटला नाही.

८ जानेवारी

पोट बिघडलं. दोन दिवस पडून होतो. डोकं शांत झाल्यावर विचार केला. माझा नियम कशासाठी? पारडं झुकू नये म्हणून. दोन्हीकडचं न खाल्लं तर पारडं सरळ राहतं. पण दोन्हीकडचं सारखं खाल्लं तरी ते सरळच राहतं! तेव्हा ठरलं, एक दिवस पाटलांची भाकरी, एक दिवस अब्राहामची.

हे लिहिताना हात थबकतो. ब्राह्मणाच्या मुलाने ख्रिस्ती मिस्त्रीच्या चुलीवरचं खायचं? वडील असते तर घरात घेतलं नसतं. पण पाटलांचं घेऊन त्याचं नाकारलं तर मी निःपक्षपाती कसला? नियम म्हणजे नियम. आज नागलीची भाकरी खाल्ली. वरणात लसूण भरपूर होता. मी पोटभर जेवलो आणि मग काही होतं का याची वाट पाहत खोलीत बसलो. काही झालं नाही. झोप मात्र छान लागली.

१६ जानेवारी

भिंती खिडकीच्या वर गेल्या. पूर्वेचा कोपरा आज तपासला. ओळंबा सोडून लांबून नजर लावली, मग जवळून. धागा भिंतीत पार मिसळून गेलेला, फट अशी कुठे दिसलीच नाही. इतकं सरळ काम फार दिवसांत पाहिलं नव्हतं. कोपऱ्यापुरता दाखला तिथल्या तिथे लिहून दिला. अब्राहामने तो घेतला, काही बोलला नाही. एरवी आभार मानताना चार वाक्यं तरी म्हणतो.

१८ जानेवारी

काय माणसं आहेत ही! सकाळी जाऊन पाहतो तर पूर्वेचा कोपरा जमीनदोस्त. चिरे बाजूला रचून ठेवलेले.

अब्राहाम खाली मान घालून म्हणाला, "साहेब, बैलाने पाडला."

"कोणाच्या बैलाने?"

तेवढ्यात पाटील आले. "मन्हा बैल व्हता तो, रावसाहेब. दावं तोडीसन पळना आनि भीतले धडक मारी. वांड शे तो, कोनलेच ऐकत नही."

चुन्यात बांधलेली भिंत बैलाने पाडली! मी दोघांनाही फैलावर घेतलं. पाटलांना सांगितलं, बैल तुमचा, तेव्हा नुकसान तुमच्या खाती. अब्राहामला सांगितलं, राखण तुमची, तेव्हा मजुरी तुमच्या खाती. नवल म्हणजे दोघेही हो म्हणाले. एरवी एका घमेल्यावरून भांडतात.

मी टिपण करायला बसलो. बैलाचा रंग विचारला. पाटील म्हणाले पांढरा. अब्राहाम त्याच वेळी म्हणाला काळा. मी मान वर केली तेव्हा अब्राहाम घाईने म्हणाला, अंधार होता, काळा दिसला असेल. मागून प्रमिलाबाई बोलल्या, "तांबडा आहे, मामंजींनी विसरून सांगितलं." आपल्या गोठ्यातल्या बैलाचा रंग घरच्यांना ठाऊक नसावा? अशा निष्काळजी गोठ्यातून बैल सुटला नाही तरच आश्चर्य. टिपणात "बैल, रंगाबाबत मतभेद" असं लिहिलं.

३० जानेवारी

कोपरा पुन्हा उभा राहिला. अब्राहामने ओळंब्याचा धागा बदलला आहे. पहिला बारीक पांढरा होता, आता जाड सुतळी काजळीत बुडवलेली. चुन्याने पांढऱ्या झालेल्या चिऱ्यांवर ती काळी रेघ लख्ख उठून दिसते. म्हटलं, हे आधीच का नाही केलं? म्हणाला, "आधी सुचलं नाही, साहेब." चुकीची कबुली सरळ देतो, हा त्याचा गुण.

माझ्या बोटांना काजळी लागली, ती धोतराला लागली. प्रमिलाबाईंनी धोतर धुवायला मागून नेलं. पाटलांकडून धोतर धुऊन आलं म्हणून उद्या सदरा पारुबाईकडे दिला पाहिजे.

१४ फेब्रुवारी

एक गोष्ट लिहावी की नाही ठरत नव्हतं. वही माझीच आहे, कोण वाचणार?

सकाळी वाटेत कोणीतरी समोर उभं होतं. मी बाजूला झालो, ते हललं नाही. मी म्हटलं, "कोण?" तर पाटलांचा आवाज आला, "मी शे रावसाहेब." चार हात अंतरावर उभा असलेला, रोजचा माणूस. मी म्हटलं, ऊन डोळ्यांवर येतंय. पाटील म्हणाले, "हां, ऊन भलतंच शे." नंतर माझ्या लक्षात आलं की आभाळ आलेलं होतं.

मन बेचैन झालं. वय झालं की थोडं असं होतच असेल. काम पुरं होऊ दे, मग डॉक्टर. मधेच कोणाला कळलं तर मला पुण्याच्या ओसरीवर बसवतील, आणि या दोघांच्या मध्ये बोर्डातला कोणी दुसरा येईल. तो एकाकडून जेवेल. मला माहीत आहेत ते लोक.

ही वही फार लवकर भरत चालली आहे. मी एवढं काही लिहीत नाही, पण पानावर चार-पाच ओळीच बसतात.

२९ मार्च

आज खरं भांडण झालं. होळीसाठी अब्राहामचे सगळे मजूर डोंगरात गेले ते अजून नाहीत. चुना भाजणारे डोंगरातल्या काठी गावाकडचे, त्यांनी तर होळीचं व्रत धरलेलं, ते आधीच गेले होते. छपराच्या तुळया तशाच पडून.

पाटील चावडीसमोर कडाडले, "आखाजीले मन्ह्या पोरी माहेरले येतीन, त्यासले काय दखाडू? उघडी भीत? मोडा तो करार! दुसरा मिस्त्री लयसू मी."

अब्राहामही तापला. "पाटील, होळीला मनुष्य घरी जातो. मी ख्रिस्ती आहे, तरी मी त्यांना अडवू शकत नाही. आणि मोडायचाच असेल तर मोडा, माझ्याही अंगात कष्ट करण्याची ताकद आहे."

करार मोडला तर शाळा पावसाळ्यापूर्वी होत नाही, आणि अब्राहामला पुन्हा कोणी काम देत नाही. पहिलाच ठेका मोडलेला मिस्त्री म्हणून जन्मभर ओळखतील.  मी आवाज चढवला. अब्राहामला म्हटलं, होळी दरवर्षी येते, करार लिहिताना ती तुम्हांला आठवली नाही? तेव्हा दोष तुमचा. पाटलांना म्हटलं, जानेवारीत तुमच्या गाड्या दगड सोडून कापूस वाहत होत्या, तेव्हा काम कोणामुळे थांबलं? तेव्हा दोष तुमचा. दोन्ही दोष एकमेकांवर फिटले, दंड नाही, करार कायम, मजूर येतील तेव्हा दुप्पट माणसं लावायची. आणि आता दोघेही माझ्या समोरून जा.

दोघेही गेले. जाताना पाटील अब्राहामला काहीतरी हळू म्हणाले आणि अब्राहाम हसला, असा मला भास झाला. भांडण चालू असताना कोणी हसेल कशाला?

१० एप्रिल

मजूर परतले, छप्पर चढतंय. चुना भाजणाऱ्यांनी माझ्यासाठी मोहाची फुलं आणली. कोणत्याच पक्षात ते मोडत नाहीत, म्हणून घेतली. फुलांचा वास हाताला दिवसभर होता. या वयात कोणी डोंगरातून आपल्यासाठी काही घेऊन येतं, त्याचं मला इतकं का वाटावं?

कौलांचा दाखला दिला. मला शिडीवर दोघेही चढू देईनात. पाटील म्हणाले शिडी मोडकी आहे, अब्राहाम म्हणाला शिडी ओली आहे. शेवटी अब्राहामने प्रत्येक तुळईचा सांधा सांगितला, पाटील खालून "हां, हां" म्हणत गेले. नंतर मी काठीने वाशांवर ठोकून आवाज ऐकला. आवाज खणखणीत. तरी शिडीवर न चढता दिलेला हा पहिलाच दाखला. मनाला लागून राहिलं आहे.

८ मे

आज शेवटची तपासणी. गिलावा झाला, दारं बसली, आखाजी तोंडावर. अखेरचा दाखला लिहून आणला होता, सही तेवढी बाकी.

पूर्वेच्या कोपऱ्यापाशी गेलो. ऊन छान होतं. मी हात पुढे करून म्हटलं, "मिस्त्री, ओळंबा सोडा."

अब्राहाम हळूच म्हणाला, "सोडला आहे, साहेब."

मी पाहत राहिलो. समोर पांढरं, नुसतं पांढरं. "सुतळी कुठे आहे? काळी सुतळी?"

अब्राहाम जवळ आला. मग तो म्हणाला, "साहेब, ती आपल्या हातात आहे."

खरंच हातात होती. बोटांना तिचा पीळ लागत होता. मी ती धरून उभा होतो आणि ती मला दिसत नव्हती.

मी खाली जोत्यावर बसलो. खिशातून दाखला काढला, तो पाटलांच्या दिशेने धरला. म्हटलं, "यात मी लिहिलं आहे, समक्ष पाहून. मी पाहिलेलं नाही. बहुतेक बऱ्याच दिवसांपासून पाहिलेलं नाही. यावर माझी सही होणार नाही. दुसरा माणूस आणा." 

आणि मग एकाएकी मला बैल आठवला. मी विचारलं, "पाटील, खरं सांगा. बैलाचा रंग कोणता होता?"

 पाटील माझ्याशेजारी येऊन बसले. "बैल नव्हताच, रावसाहेब. खोटं बोलनू मी."

अब्राहाम उभ्यानेच बोलला. "साहेब, कोपरा बोटभर बाहेर गेला होता. गवंड्याची चूक. मी वाट पाहत होतो की आपण सांगाल आणि मी पाडीन. आपण दाखला दिलात. तो दाखला ठेवला असता तर मी चोर झालो असतो. चूक दाखवून दिली असती तर लोकांनी आपल्याला नावं ठेवली असती. मग मी पाटलांच्या घरी गेलो. आयुष्यात प्रथमच गेलो. म्हटलं, पाटील, माझी भिंत वाकडी आहे, ती मी पाडतो, पण कारण काय सांगू?"

"मंग मी त्याले बैल दिना," पाटील म्हणाले.

प्रमिलाबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं की नकाशा उलटा धरला होता तेव्हापासूनच त्यांना कळलं होतं. मोठ्याने माप सांगायची रीत नवापूरकडे कुठेच नाही. ती त्यांनीच अब्राहामला सुचवली.

मी रागावलो. म्हटलं, तुम्ही मला फसवलंत, दोन्ही पक्षांनी मिळून. मला त्याच दिवशी का नाही काढून टाकलं? करारात तशी सोय होती, ते कलमही मीच लिहिलं होतं!

पाटील म्हणाले, "तुम्हीन आमले दोन्हीसले सारख्याच शिव्या दिन्यात. असा मानूस माले परत कोठे भेटी? हाऊ मिस्त्री माले पटत नव्हता, मी त्याले पटत नव्हतू. तुम्ही आमना दोन्हीसना मझार व्हतात म्हनीसन शाळा उभी ऱ्हायनी."

मी रडलो. ओळी अंदाजाने का होईना, लिहून ठेवतो, कारण लपवण्यात अर्थ नाही. इतक्या माणसांच्या समोर, भर दुपारी, जोत्यावर बसून रडलो. पारुबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. आज पाळी पाटलांची होती, तरी प्यालो.

९ मे

सकाळपर्यंत सही केलेली नव्हती. दोघेही सकाळी चावडीमागच्या खोलीवर आले. त्यांना सांगितलं, तुमचे उपकार माझ्या डोक्यावर आहेत, ते आता उतरणार नाहीत, उतरवायची इच्छाही नाही. पण खोटा दाखला मी देणार नाही. समक्ष म्हणजे डोळ्यांसमोर. माझ्या डोळ्यांसमोर काही नाही.

प्रमिलाबाई म्हणाल्या, "आबा, मग शब्द बदला. करार दोन्ही पक्षांच्या संमतीने बदलता येतो, असं तुम्हीच लिहिलं आहे ना?"

आबा म्हणाल्या त्या. पहिल्यांदाच.

पाटील म्हणाले, "मी दखसू, मिस्त्री दखी, तुम्ही हात लावा."

मग आम्ही सगळे शाळेत गेलो. मी पूर्वेच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. एक हात भिंतीवर, दुसरा सुतळीवर. डोळे मिटून घेतले, कारण ते उघडे असले की मध्येमध्ये लुडबुडतात. प्रत्येक कोपरा, प्रत्येक चौकट, प्रत्येक कडी. दाराच्या फळीवरून तळहात फिरवला. खिडकीपाशी गिलाव्याला एक फुगा लागला. तो मी थांबून दाखवला. पाटील आणि अब्राहाम दोघांनीही तो पाहिला नव्हता, आणि दोघांनाही मी त्याबद्दल झापलं. फार बरं वाटलं. फुगा काढून तो भाग पुन्हा लिंपला.

परत येऊन करारनामा उघडला. प्रमिलाबाईंनी "पाहून" वर रेघ मारली आणि वर लिहिलं, "हात लावून." बदलाखाली पाटलांनी सही केली, अब्राहामने केली. दाखल्यातही प्रमिलाबाईंनी तोच बदल केला, मग मी त्यावर सही केली. सही इतकी मोठी झाली की अर्धं पान गेलं, असं म्हणतात.

१३ मे, आखाजी

शाळा उघडली. पाटलांच्या दोन्ही लेकी आल्या होत्या, गावभरच्या माहेरवाशिणी आल्या होत्या. मोठ्या निंबाला झोके बांधले होते. प्रमिलाबाईंनी मुलींची नावं हाका मारून घेतली. एका पोरीला नाव विचारल्यावर रडू फुटलं, मग सगळ्याच हसल्या. पाटील दगूबाईंच्या नावाच्या पाटीखाली कितीतरी वेळ उभे होते. मला ते दिसले नाहीत. अब्राहामने सांगितलं.

अब्राहामला तळोद्याकडच्या दोन माणसांनी धर्मशाळेच्या बांधकामाबद्दल विचारलं. तो त्यांना म्हणाला, मधला माणूस कोण ठेवणार ते आधी सांगा.

मोतीबिंदू आहे असं शहाद्याचे डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रियेने निघेल म्हणतात. पुढच्या आठवड्यात सुरतेला जायचं. नंदुरबारपर्यंत गाडी पाटलांची, पुढे आगगाडीत सोबत अब्राहाम. मी दोघांनाही सारखाच नकार दिला, मग दोघांनाही सारखाच होकार दिला. चिरंजीवांना प्रमिलाबाईंकडून पत्र लिहवून घेतलं की ओसरी दुसऱ्या कोणाला तरी द्यावी.

गर्दी पांगल्यावर अब्राहामने माझा हात धरून पूर्वेच्या कोपऱ्यावर नेला आणि भिंतीवर ठेवला. गिलाव्यात काहीतरी उठावाचं होतं. बोटं फिरवली. दोन शिंगं. वशिंड. खाली चार पाय, आणि डोकं भिंतीच्या दिशेने, धडक द्यायला निघालेलं. चुन्याचा बैल, माझ्या हाताच्या उंचीवर. रात्रीतून केला म्हणे.

मी किती वेळ हात तिथेच ठेवला ते माहीत नाही. मग विचारलं, "रंग कोणता देणार?"

पाटील म्हणाले पांढरा, अब्राहाम म्हणाला काळा, दोघेही एकदमच. मागून प्रमिलाबाई म्हणाल्या तांबडा. तिघेही भांडायला लागले.

मी काठी आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि सांगितलं, रंगाचा निकाल मी सुरतेहून परत आल्यावर देईन, समक्ष पाहून. तोपर्यंत कोणी ब्रश लावायचा नाही.